पाण्याचा हात

लिंबारवाडी, ता. केज
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय जुलेखा,

पत्र लिहायची सवय कधीच मोडली, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत, आधीच सांगते. मोबाईल माझ्याकडेही आहे. पण तुझ्या नंबरावर फोन लावला की युनूस उचलतो आणि म्हणतो, अम्मी झोपली आहे. सकाळी लावला तरी झोपलेली, दुपारी लावला तरी झोपलेली. इतकी झोपणारी तू नव्हतीस. कोंबडं आरवायच्या आत माझ्या दुकानाची कडी वाजवून चहापत्ती मागणारी बाई तू. कडी वाजवायचीस तीही अशी, की आमचे हे अंथरुणातूनच म्हणायचे, ऊठ, तुझी सवत आली. म्हणून शेवटी कागद घेतला. हा कागद वर्षाराणीच्या हाती पाठवते आहे. वर्षाराणी म्हणजे माझ्या शिवलिंगची थोरली, तुझ्या नव्या लुगड्यावर मुतलेली ती. आता पुण्याला शिकते आणि मलाच शहाणपण शिकवते.

दुकानाचं सांगायचं तर शिवलिंगने सगळं नवं केलं. काचेची कपाटं आली, वर दिवे आले. ज्वारीचं जे पोतं तुझं आसन होतं ते मागच्या खोलीत गेलं. आता गिऱ्हाईक उभ्या उभ्या येतं, काय पाहिजे ते सांगतं आणि मोबाईल दाखवून जातं. बसायला कुणी येत नाही. मी गल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसते, म्हणजे लोकांना वाटतं म्हातारी दुकान सांभाळते. खरं म्हणजे म्हातारी रस्त्याकडे बघते. परवा हिरव्या लुगड्यातली एक बाई वडगावच्या बाजाराची पिशवी घेऊन तुझ्यासारखी उजवीकडे कलून चालत आली. मी अर्धी उठले होते. ती भलतीच कुणी निघाली आणि खोबरेल मागू लागली.

काल सहाण बाहेर काढली. रंगपंचमीला सहाण काढायची, राखेने घासायची आणि ओसरीवर उन्हात ठेवायची, हा आपल्या सासवांचा नेम. ती वाळत होती तेव्हा सुंदरराव पाटील आले. आता काठीवर चालतात, पण मिशी तशीच. ओसरीवर टेकले आणि सहाणेकडे बघत म्हणाले, "वाणीणबाई, औंदा तिसरं साल हाय. दोन हाताचं चंदन न्हाई झालं तर दोन्ही घरं सुटली. नेम म्हंजे नेम. मला बोलायला बरं वाटत न्हाई, पण माज्याशिवाय बोलणार कोण?" खरंच म्हाताऱ्याला बरं वाटत नव्हतं. चहा न घेता गेले. चैत्री पौर्णिमेला आता फार दिवस उरले नाहीत, जुलेखा. हबशीबाबांचा संदल निघेल, ढोल वाजतील, कबरीवर गलेफाची चादर चढेल. पण तुझ्या हाताचं पाणी नसेल तर तुझं घर आणि माझं घर यांचा एकमेकांशी काही संबंध उरणार नाही. ज्यांनी कधी तरी हे ठरवलं त्यांची हाडंही मातीत उरली नसतील, पण त्यांचा शब्द अजून माझ्या ओसरीवर बसलेला आहे.

वर्षाराणीचा अभ्यास इतिहासाचा. इस्लाम आशियात आणि आफ्रिकेत कसा पसरला यावर तिला काही मोठं लिहायचं आहे. दिवाळीला आली तेव्हा फराळाची ताटं बाजूला सारून ओसरीवर हा एवढा नकाशा पसरला. मला बोट धरून फिरवलं बघ. अरबस्तानातून गलबतं वाऱ्यावर निघायची, ती एकीकडे आपल्या किनाऱ्याला लागायची, पुढे जाव्याला आणि सुमात्र्याला जायची, दुसरीकडे आफ्रिकेच्या काठाकाठाने खाली उतरायची. वाळवंटातून उंटांचे तांडे सोन्याच्या मुलखात जायचे. व्यापारी माल विकायचे, तिथेच बायका करायचे, तिथेच राहायचे. त्यांच्या मागून फकीर यायचे. मी विचारलं, तलवारीचं काय? तर म्हणाली, "तलवारीनं बी पसरला, आजी. खोटं कशाला सांगू? पण तलवार राजाच्या दारापर्यंत जाती. खेड्यात, चुलीपर्यंत कोण गेलं, ते मला बघायचंय." मग नकाशावरून मान वर करून म्हणाली, "आपल्या गावात कसा आला गं?"

मी म्हटलं, तहान लागली म्हणून आला.

मग तिला सगळं सांगितलं, जसं माझ्या सासूने मला आणि तुझ्या सासूने तुला सांगितलं तसं. हबशीबाबा मूळचे आफ्रिकेकडचे. लहानपणी कुणी तरी धरून विकलं, या बंदरातून त्या बंदरात करत इकडे आले, दौलताबादकडच्या कुणा सरदाराच्या फौजेत मोठे झाले, आणि एक दिवस तलवार ठेवून फकिरी घेतली. तुझे मकबूलभाई असंच सांगायचे ना? पुढे म्हणायचे, बाकीचं बाबांना ठाऊक. तर ते चैत्राच्या उन्हात वाण्याच्या दारी येऊन उभे राहिले आणि पाणी मागितलं. घरात दोन बहिणी. थोरली नीलव्वा पूजेचं गंध उगाळत होती, तिचे हात भरलेले. धाकटी गंगव्वा उठली आणि तिने लोटीभर पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी बाबा उतरले होते त्या झाडाखाली ती स्वतःच पाणी घेऊन गेली. तिसऱ्या दिवशीही. आणि एक दिवस ती परत आली नाही, तिथेच राहिली. कुणी ओढली नाही, कुणी धाक घातला नाही. बाबा तेव्हा म्हातारे होते. तिने त्यांच्याकडून कलमा घेतला, पुढे त्यांच्याच एका विणकर शिष्याशी, मुरिदाशी, तिचं लग्न झालं आणि दर्गा सांभाळणारं तुमचं मुजावराचं घर तिथून उभं राहिलं.

बाप म्हणाला, मला धाकटी मुलगी नाही. थोरलीने अन्न सोडलं. बाबा गेल्यावर त्यांच्या कबरीला पहिल्या वर्षी चंदन लावायचं होतं आणि ते आपल्याच घरी उगाळायचं म्हणून थोरली अडून बसली, तेव्हा बापाने एवढंच कबूल केलं. वर्षातून एकदा धाकटीने ओसरीवर यायचं. सहाणेच्या एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी. एकीने उगाळायचं, दुसरीने पाणी घालायचं. पण एकमेकींशी एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर उठवीन. आणि लागोपाठ तीन वर्षं ती आली नाही, तर समजायचं नातं तुटलं, मग कुणी कुणाच्या दारचं पाणी मागायचं नाही. शिक्षा होती ती. आपल्या सासवा, आजेसासवा, त्यांच्याही सासवा, यांनी त्या शिक्षेचा सण केला. वर्षाराणी लिहायची थांबली होती. तिने एकच विचारलं, "बोलायचं न्हाई, तर मग पाणी कधी घालायचं ते कसं कळायचं?" मी म्हटलं, उगाळणारीचा हात जड झाला की कळतं. ज्या बाईला ते कळत नाही तिने त्या बाजूला बसू नये.

तुला मात्र ते कधीच कळलं नाही. जास्तच पाणी घालायचीस, पहिल्या वर्षापासून. आठवतं? एकाच उन्हाळ्यात आपण दोघी या गावात आलो. मी उदगीरची, तू तलवाड्याची. त्या दोन बहिणींचं रक्त ना तुझ्यात ना माझ्यात, पण सासवांनी हाताला धरून समोरासमोर बसवलं आणि आपण बहिणी झालो. मी जीव तोडून उगाळते आहे आणि तू लोटी कलती करतेस ती सरळ करायचं नावच नाही. चंदनाचा ओघळ माझ्या नव्या पातळावर. बोलायची बंदी, म्हणून मी नुसते डोळे वटारले. तेवढ्यात तुमची ती काळी शेळी दोर तोडून आली आणि बाबांसाठी आणलेला मोगऱ्याचा सगळा हार उभ्याने खाऊन गेली. तू पदर तोंडात कोंबलास, मी ओठ चावला, आणि दोघी अशा गदगदत होतो की तुझ्या सासूला वाटलं, पोरी रडतायत, किती भाविक आहेत. चंदन तबकात भरल्यावर, बंदी सुटल्यावर, तू पहिलं वाक्य बोललीस, "तेरा चंदन गाढा, मेरा पानी पतला. बाबा समझ लेंगे." तेच वाक्य मग दर वर्षी. मी दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी लोटी काढून घेईन. कधी घेतली नाही.

एक वर्ष मात्र तू हसली नाहीस. माझा पहिला मुलगा गेला ते वर्ष. बोलायलाही लागला नव्हता. संदल चार दिवसांवर आणि सगळे म्हणाले, यंदा शांताला नको बसवायला. पण आम्हा लिंगायत वाण्यांत सुतक धरत नाहीत आणि मला घरात बसवत नव्हतं. तुमच्यासारखंच आमच्यातही मातीत ठेवतात, त्यामुळे मळ्याच्या कडेला ती एवढीशी माती मला ओसरीवरूनही दिसते असं वाटायचं. मी बसले आणि उगाळायला लागले. तू त्या दिवशी पाणी थेंब थेंब घातलंस. इतकं हळू की चंदन निघता निघेना. तबकापुरतं कधीच झालं होतं, बायका एकमेकींकडे बघत होत्या, तरी तू लोटी खाली ठेवली नाहीस. दिवस कलला तेव्हा मला समजलं. मी उठले असते तर आत जावं लागलं असतं आणि आत रिकामा पाळणा होता. तुला ते माहीत होतं. तू मला उठू दिलं नाहीस. या गोष्टीबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही. मला वाटायचं, बोलू कधी तरी, आहे कुठे जायचं.

मग मकबूलभाई गेले आणि युनूस कुवेतहून आला. पोरगा वाईट नाही. लहानपणी माझ्या दुकानातलं बोरकूट किती खाल्लं त्याने, ते मी विसरले नाही. पण परदेशात कुणी तरी त्याला सांगितलं होतं की कबरीला चंदन लावणं गुनाह आहे, तिथे बायकांनी जाणं तर त्याहून मोठा. तो तुला म्हणाला, ही रीत आपली नाही, आपले लोक अरबस्तानातून आले, वाण्याच्या घरातून नाही. आणि त्याच महिन्यात इकडे माझा धाकटा महांतेश आणि त्याची चार टाळकी दर्ग्याजवळच्या गोरखचिंचेला पाटी ठोकून आली की हे गोरखनाथांचं ठिकाण आहे. दुसऱ्या दिवशी कुणी तरी त्याच झाडाला हिरवा रंग फासला. एवढं जाडजूड झाड, सात माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारं. बाबांनी बी आणलं म्हणणारेही त्याच सावलीला बसायचे आणि नाथांनी लावलं म्हणणारेही. ते आता एकटंच उभं असतं. हॉटेलात बाकडी वेगळी झाली. मारामारी झाली नाही, त्यापेक्षा वाईट झालं, लोक एकमेकांशी नीट वागायला लागले. युनूस तुला पुण्याला घेऊन निघाला, टेम्पोत तुझं सामान भरलं तेव्हा तू पाण्याची ती पितळी लोटी माझ्याकडे दिलीस आणि म्हणालीस, "रख. चंदनकू आती मैं." मी म्हटलं, ये, आणि पाणी कमी घाल.

पहिल्या वर्षी तू आली नाहीस. मी सहाणेसमोर बसले, समोरची जागा मोकळी ठेवली आणि सूर्य बुडेपर्यंत कोरडं खोड फिरवत राहिले. शेवटी वडगावहून बोलावलेल्या फकिराने दुकानातली चंदनाची भुकटी कालवून लावली. दुसऱ्या वर्षी मी उजव्या हाताने उगाळलं आणि डाव्या हाताने पाणी घातलं. सगळ्यांनी बघितलं. सुंदरराव रडले, पण त्यांनी ते नेमात धरलं नाही. बरोबर केलं. एकाच बाईचे दोन हात म्हणजे दोन हात नव्हेत. मी तेव्हा मुबीनाला बोलवायचाही विचार केला, तुझी सून आहे, लोटीवर तिचा हक्क आहे. पण लोटी सासूने सुनेच्या हातात द्यायची असते, याच ओसरीवर, आणि युनूसने फोनवर सांगितलं, "मौसी, हे आता बंद करा. तुम्हाला बी त्रास, आम्हाला बी." मौसी म्हणाला मला. तेवढं अजून राहिलं आहे त्याच्या तोंडात.

माझा शिवलिंगही हेच म्हणतो, फक्त दुसऱ्या तोंडाने. परवा जेवताना म्हणाला, "आई, बास झालं आता. लोक हासतेत आपल्याला. आपल्या घरची पोरगी त्यांनी नेली आन् आपण त्यांचंच चंदन उगाळायचं? हे साल सरलं की सहाण मी देवळात देऊन टाकतो." मी म्हटलं, नेली नाही, गेली. तो म्हणाला, "तुला काय माहीत?" मला काय माहीत. पण बघ ना जुलेखा, गंमत काय आहे. शिवलिंगला ती गंगव्वा पळवून नेलेली हवी आहे आणि युनूसला ती मुळी नकोच आहे. आपल्या घरातली एक मुलगी तहानलेल्या माणसाला पाणी द्यायला उठली आणि स्वतःच्या मनाने उंबरा ओलांडून गेली, हे दोघांनाही सोसत नाही. आणि ती गेल्यावरही तिची बहीण तिच्यासाठी उपाशी राहिली, हे तर दोघांपैकी कुणाला ऐकायचंच नाही. वर्षाराणीचा एवढा मोठा नकाशा, त्यावर मोरोक्कोपासून जाव्यापर्यंत बाण काढलेले. मला प्रत्येक बाणाच्या टोकाला एक घर दिसतं आणि घरात मागे राहिलेली एक बहीण. तिचं पुस्तकात कुणी लिहीत नाही. वर्षाराणी म्हणते, मी लिहीन.

आता जे सांगायचं ते सांगते. संक्रांतीनंतर मीच वर्षाराणीला तुझ्याकडे पाठवलं, तिळाचे लाडू देऊन. म्हटलं, कोंढव्यात जा, युनूस काहीही म्हणो, आत जा आणि बघ ती बाई एवढी झोपते का. ती रात्री फोनवर माझ्याशी बोललीच नाही. शिवरात्रीला घरी आली तेव्हा ओसरीवर बसून सांगितलं. तू झोपलेली नव्हतीस. खिडकीजवळ खुर्चीत होतीस. पावसाळ्यातच तुला झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि ओळखही. तिने लाडू पुढे केला तर तू तिच्या तोंडाकडे बघत राहिलीस. तिने माझं नाव घेतलं तरी बघतच राहिलीस. युनूसचा राग आला होता मला, आता येत नाही. मला तो कसा सांगणार होता? झोपली आहे म्हणाला, तेच बरं. जुलेखा, मी त्या दिवशी दुकानात गेले नाही. दोन दिवस जेवले नाही. सुनेला वाटलं शिवरात्रीचा उपास लांबवलाय.

होळीला ती पुन्हा आली, आणि आज निघता निघता तिने आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्या दृष्टीने काहीच नव्हतं त्यात. मुबीनाने तुझ्या डाव्या हातात पाण्याचा पेला दिला. तू प्यायली नाहीस. पेला हळूच कलता केलास, थोडं पाणी टेबलावर पडलं, थांबलीस, वाट बघितल्यासारखी केलीस, मग पुन्हा थोडं. मुबीना ओशाळली. म्हणाली, असंच करतात, पाणी हातात दिलं की सांडतात, म्हणून हल्ली आम्ही चमच्याने पाजतो. वर्षाराणीला ते बघून वाईट वाटलं. ती हे सांगत होती आणि माझे हात मांडीवर होते ते मला उचलता येईनात. सांडत नाही गं ती. तेवढं एकच ती नीट करते आहे. मी तशीच उठले आणि सुंदररावांकडे गेले. विचारलं, नेमाला तिचं इथे बसणं लागतं, का तिच्या हाताचं पाणी लागतं? म्हातारा काठी फिरवत म्हणाला, "बापानं बोलू नका म्हणलं होतं. पानी कुठं बसून वतायचं, त्ये काय तो बोलला न्हाई."

म्हणून हे पत्र. मुबीना, पोरी, हे तूच वाचून दाखवत असशील. युनूसला विचारायचं असेल तर विचार, त्याला म्हणावं मौसीने कबर, चंदन, काही मागितलं नाही, फक्त त्याच्या आईच्या हातचं पाणी मागितलं आहे, आणि आमच्या दोन घरांत पाण्याला कधी कुणी नाही म्हटलेलं नाही. वर्षाराणीजवळ ती पितळी लोटी आहे. तुमच्या घरचं पाणी त्यात भर, तुझ्या सासूच्या डाव्या हातात दे, समोर एखादं पातेलं ठेव आणि कुणी काही बोलू नका. पडेल ते पुसू नकोस. पातेल्यात जमेल ते बाटलीत भरून लोटीसकट वर्षाराणीच्या हाती दे, ती पौर्णिमेच्या आत इथे पोचेल. मी तुझ्या बाजूला लोटी ठेवीन, जुलेखा, आणि माझा हात जड झाला की त्यातलं घेईन. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. तुला मी कोण ते आठवत नसेल तर राहू दे, त्या ओसरीवर आपण एकमेकींची नावं कधी घेतलीच नाहीत. तू फक्त लोटी कलती कर. यंदा पाणी कितीही जास्त झालं, तरी मी डोळे वटारणार नाही.

तुझीच,
सहाणेच्या या बाजूची
शांता